आधी बोट, मग सुई

आमच्या घरात उशीसुद्धा पोलीस खात्याची होती.

अप्पा शिंपी होते. मद्रासमध्ये एका गल्लीच्या तोंडाशी पोलीस वसाहत होती आणि त्याच गल्लीच्या शेपटाशी आम्ही. गणवेश शिवून उरलेले खाकी तुकडे कुणी परत मागत नसे. त्यामुळे आमच्या उशांचे अभ्रे खाकी, दाराचा पडदा खाकी, माझं दप्तर खाकी, आणि एका वर्षी तर परकरही खाकी. शाळेत मला 'कॉन्स्टेबल' म्हणत. मी चिडत नसे. वर्गात गणित माझंच बरोबर यायचं, आणि ज्याचं गणित बरोबर येतं त्याला कुणी फार वेळ चिडवत नाही. उतरवून घ्यायला शेवटी त्याच्याकडेच यावं लागतं.

खोली एक. तिच्यात मशीन, कापायचं टेबल, आणि टेबलाखाली मी आणि माझा धाकटा भाऊ. बल्बही एकच, आणि तो मशीनच्या सुईवर रोखलेला. वाचायचं तर पुस्तक अप्पांच्या कोपराजवळ धरावं लागे. पुढे तयार गणवेश यायला लागले आणि अप्पांकडे उरलं ते उसवायचं काम. कंबर सैल करून द्या, मांडीत जागा करा. पोलीस खातं फुगत होतं म्हणून आम्ही जगलो. तरीही अशी वर्षं गेली की आई पेज वाढताना आधी आमच्या वाट्या भरायची आणि मग पातेलं स्वतःकडे वळवून असं धरायची, की आत काही उरलंय की नाही ते आम्हांला दिसू नये. खाकी कापडावर खाकी दोरा शोधता शोधता अप्पांचे डोळे गेले.

आमची मराठी तंजावरची, तमिळ चिंचेच्या कोळात पिढ्यान्पिढ्या मुरलेली. आज ज्या मराठीत हे लिहिते आहे ती मला लग्नानंतर मिळाली. सोलापूरच्या सासूबाईंनी दर वाक्यामागे एक दुरुस्ती या भावानं दिली. तेव्हा काही चुकलं तर त्यांच्याकडे तक्रार करावी.

आमच्याकडे दसऱ्यापेक्षा आयुधपूजा मोठी. ज्यावर पोट चालतं ती हत्यारं नवमीला धुवायची, त्यांना चंदन-कुंकू लावायचं, सरस्वतीच्या तसबिरीपुढे मांडायची, आणि दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मशीनला हार. कात्री, टेप, अंगुस्तान, सुया यांना ओळीनं टिळे. रिक्षावाल्यांच्या रिक्षांना केळीचे खांब. चौकाचौकात दृष्ट काढून, कुंकू भरून फोडलेले भोपळे, आणि त्यावरून घसरणारी माणसं. चुरमुरे आणि डाळं मात्र भरपूर. पुढचे काही दिवस आमचं रात्रीचं जेवण तेच.

एका वर्षी नवमीला दुपारी एक पोलीस भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा आडवा चालत दारात आला. विजार मागून पार उसवली होती आणि त्याला कुणा मंत्र्याच्या बंदोबस्ताला उभं राहायचं होतं. अप्पा म्हणाले, आज नाही, उद्या या. तो रडवेला झाला. तेव्हा आई उठली, देवीपुढची एक सुई उचलून डोळ्यांना लावली आणि आमच्या मराठीत म्हणाली, "आई, घेऊन जातें, परत आणून ठेवतें." मग अप्पांकडे वळली. "देवीपाशी हत्यारं पुष्कळ अहात. ह्याच्यापाशी विजार एकच आहे."

अप्पांनी शिवण घातली. दुहेरी. घाईतही दुहेरीच घातली.

कॉलेजचा दरवाजा आतून पाहिलेली आमच्या सात पिढ्यांत मी पहिली. हे मी वारंवार सांगते. कंटाळा येत असेल तर तुमच्या घरातलं पहिलं कोण ते शोधून काढा. तेही सांगत सुटले असतील. पदवीदानाला काळा झगा भाड्यानं मिळतो. त्याची शिवण अप्पांना पटली नाही. दिसत नव्हतंच, बोटांनी चाचपून त्यांनी तो उसवला आणि नव्यानं शिवून परत दिला. विद्यापीठाच्या ताब्यात एक तरी झगा धड शिवलेला आहे, तो आमच्या घराण्याचा.

पुढे समाजकार्याचा अभ्यास करून मी शहरातल्या एका सरकारी इस्पितळात समुपदेशक म्हणून लागले. नोकरी कंत्राटी, खोली जिन्याखालची, आणि दारावर तमिळ व इंग्रजीत पाटी: एचआयव्हीसाठी स्वेच्छेनं समुपदेशन आणि रक्ततपासणी. या पाटीतला 'स्वेच्छेनं' हा शब्द माझ्या नोकरीचा पाया होता. आधी माणसाशी एकांतात बोलायचं, तपासणी म्हणजे काय ते समजावायचं, त्याची इच्छा असेल तर रक्त घ्यायचं, आणि निकाल त्याच्याशिवाय कुणाला सांगायचा नाही. हे सगळं आम्हांला आमच्याच मोठ्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. ते उत्तम शिकवत. वर्गात त्यांच्याइतका निर्भय माणूस मी पाहिला नाही.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत भाषणांना एक नवा विषय मिळाला होता. बलात्काराचा आरोप असलेल्या प्रत्येकाची सक्तीनं एचआयव्ही तपासणी करा, असं कुणीही व्यासपीठावरून म्हटलं की टाळ्या पडत. टाळ्या देणाऱ्यांचा राग खरा होता, त्याला मी नावं ठेवत नाही. पण कुणाचं तरी रक्त काढलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, हीच त्यातली सोय होती. त्या रक्ताचं पुढे काय करायचं, याबद्दल भाषणात काही नसायचं.

हे वारं माझ्या जिन्याखाली पोचलं ते नेमकं आयुधपूजेच्या आदल्या दिवशी.

दोन दिवसांची सुट्टी उद्यापासून, आणि तिला शनिवार-रविवार येऊन चिकटलेले. म्हणून इस्पितळाची पूजा त्या दुपारीच उरकली होती. आमचा लॅबचा अटेंडर भाविक आणि अतिशय कसून काम करणारा माणूस. त्यानं तपासणीच्या मशीनला चंदन लावलं, ज्या फ्रिजमध्ये तपासणीची किट असत त्याच्या दाराला हार गुंडाळला, वजनकाट्याला टिळा, स्टेपलरला टिळा. माझ्या खणात पुरुषाच्या अवयवाचा एक लाकडी नमुना असे, निरोध कसा वापरायचा ते शिकवण्यासाठी. मॅडमचं आयुध कुठलं याचा अटेंडरनं प्रामाणिक विचार केला असावा. कुंकू लावून, वर शेवंतीचं फूल ठेवून, त्यानं तो नमुना कात्री आणि स्टेथोस्कोप यांच्या मधोमध, डॉक्टरांच्या खोलीत मांडलेल्या देवीपुढे उभा केला. शेजारच्या ताटात चुरमुरे, आणि चुरमुऱ्यांवर इस्पितळातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या. किल्ल्याही आयुधंच.

मी पिशवी उचलली होती तेवढ्यात इन्स्पेक्टर आले. मागे एक म्हातारा कॉन्स्टेबल आणि एक चाळिशीचा माणूस, दोघांची बोटं एकमेकांत गुंफलेली. आमच्याकडे पोलीस आरोपीला असेच नेतात. लांबून पाहिलं तर नवपरिणीत जोडपं देवळात निघालंय असं वाटावं.

"अम्मा, एक ब्लड टेस्ट," इन्स्पेक्टर म्हणाले. "एचआयव्ही. लगेच पाहिजे."

मी विचारलं, त्याची इच्छा आहे का. कोंबडीला मसाला विचारून लावता का, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पूर्ण इच्छा आहे. काय रे, आहे ना?"

कॉन्स्टेबलनं बोटं जरा आवळली. तो माणूस म्हणाला, आहे.

प्रकरण त्यांनी तिथेच उभ्याउभ्या सांगितलं. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी पाठवायचे शर्ट शिवणारा एक कारखाना होता. हा तिथला सुपरवायझर. आदल्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर त्यानं एका कामगार मुलीला राहिलेल्या कामाच्या निमित्तानं थांबवून घेतलं आणि तिच्यावर बलात्कार केला, अशी तिची फिर्याद होती. वरून हुकूम आला होता की वर्तमानपत्रांना काहीतरी सांगता आलं पाहिजे.

नियमाप्रमाणे मला त्या माणसाशी एकांतात बोलायचं होतं. कॉन्स्टेबल बोटं सोडायला तयार नव्हता. सुटला तर माझी पेन्शन जाईल, म्हणाला. तेव्हा ते एकांतातलं समुपदेशन तिघांत झालं. तपासणी कशाची, निकाल म्हणजे काय, नको म्हणायचा हक्क आहे, हे सगळं मी त्या माणसाला सांगितलं. तो माणूस मला आवडत नव्हता, पण पाटी त्याच्यासाठीही होती. त्यानं एकच प्रश्न विचारला. "निगेटिव्ह आलं तर घरी जाता येईल ना?" मी म्हटलं, ही तपासणी आजाराची आहे, वागणुकीची नाही. त्याला ते पटलं नाही. मध्येच कॉन्स्टेबल म्हणाला, माझ्या एका मित्राला एक शंका आहे. मित्राची शंका मी फेडली. जाताना तो वळला तेव्हा त्याच्या विजारीच्या मागच्या शिवणीकडे माझी नजर गेली, ती घरातल्या सवयीनं. दुहेरी होती. पण त्या भागातल्या निम्म्या पोलिसांची दुहेरीच होती. त्यावरून मी काही सांगत नाही.

मग मी विचारलं, मुलगी कुठे आहे.

"तिचं इथे काय काम?" इन्स्पेक्टर खरोखरच गोंधळले. "ती आरोपी नाही."

हे वाक्य मी आजही व्याख्यानात सांगते. लोक हसतात. इन्स्पेक्टर विनोद करत नव्हते. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून जेवला नव्हता, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे तो त्या मुलीचंच काम करत फिरत होता.

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते प्रसादाचे चुरमुरे खात होते. एचआयव्ही शरीरात शिरला असण्याची भीती असेल तर तो मूळ धरू नये म्हणून गोळ्या देता येतात. त्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, आणि बहात्तर तासांनंतर फारसा उपयोग नाही, हे मला त्यांनीच फळ्यावर लिहून शिकवलं होतं. त्या गोळ्यांचे संच आमच्या कपाटात होते, कर्मचाऱ्यांसाठी. कुणाला वापरलेली सुई टोचली तर. मी म्हटलं, त्या मुलीला द्यायला हव्यात.

डॉक्टर म्हणाले, आरोपीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर विचार करू. मी विचारलं, रिपोर्ट कधी येईल. ते म्हणाले, मशीन सुरू झालं की. मशीन कधी सुरू होईल? पूजा उतरल्यावर, पण तोवर टेक्निशियन गावी गेलेला असेल, तेव्हा सोमवारी. मी सोमवारपर्यंतचे तास त्यांना मोजायला लावले नाहीत. त्यांना गणित येत होतं. मुलगी गोळ्यांवर अवलंबून, गोळ्या रिपोर्टवर, रिपोर्ट मशीनवर आणि मशीन देवीवर. देवीला तर आम्हीच चंदन लावून बसवलं होतं.

"तुम्ही समुपदेशक आहात ना," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, "मग समुपदेशन करा."

सांगितलेलं काम मी मन लावून करते. मुलीला शोधायला गेले.

ती बायकांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती, एकोणीस-वीस वर्षांची, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी सैल चुडीदार. शेजारी तिची आई. पहाटेपासून त्या तिथेच होत्या. तिचे कपडे पाकिटात घालून नेले होते, नखांखालचं खरवडून नेलं होतं, जबाब दोनदा लिहून नेला होता. जे जे घेता येईल ते घेतलं होतं; द्यायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. पाणीसुद्धा आईनं बाटलीतून आणलेलं.

मी कोण ते सांगितलं. आईला वाटलं, आणखी एक जबाब. मुलगी म्हणाली, आत त्याला नेताना मी पाहिलं, त्याचं काय चाललंय?

मी म्हटलं, त्याचं रक्त तपासणार आहेत, एचआयव्ही आहे का ते बघायला.

"त्याचं?" ती म्हणाली. मग म्हणाली, "अक्का, आमच्या कारखान्यात पण असंच आहे."

मला कळलं नाही. तेव्हा तिनं सांगितलं. मशीनवर सुई तुटली की अख्खी लाइन थांबवतात. शर्टात सुईचा तुकडा परदेशी गेला तर माल परत येतो, म्हणून सगळे खाली वाकून तुकडे शोधतात, चुंबक फिरवतात, तुकडे चिकटपट्टीवर लावून सुई पूर्ण झाली की नाही ते पाहतात. सुपरवायझर सही करतो. तोवर कुणी जागचं हलायचं नाही.

"आणि सुई ज्या बोटात घुसून तुटली, ते बोट?" मी विचारलं. शिंप्याची मुलगी होते, मला तेवढंच सुचलं.

"बोट आपलं आपण धरून बसायचं," ती म्हणाली. "शर्टाला रक्त लागू नये म्हणून."

मी तिच्याशेजारी बाकावर टेकले. तिला गोळ्यांबद्दल सांगितलं. खात्री कुणी देत नाही, पोट बिघडतं, मळमळतं, जवळजवळ महिनाभर रोज घ्याव्या लागतात. नको वाटलं तर नको म्हणायचं. तिची आई म्हणाली, त्याच्यात काही नसेल तर हिनं कशाला विष खायचं? प्रश्न वेडा नव्हता. मोठे डॉक्टरही तेच म्हणत होते. मी म्हटलं, अम्मा, त्याला नुकतीच लागण झाली असेल तर आजच्या तपासणीत ती दिसणार नाही. काही आठवडे, कधी महिने, रक्त निर्दोष दिसतं आणि माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. त्याचं रक्त काही म्हणो, हिचा वेळ आत्ता चालला आहे.

मुलगी उठली. उठताना तिनं आधी भिंत धरली. मग आईचा हात धरला. "मला पाहिजेत," म्हणाली. "कुठे चालायचं?"

आम्ही तिघी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. इन्स्पेक्टर तिथेच होते, अटेंडरशी वाद घालत. अटेंडर फ्रिजचा हार काढायला तयार नव्हता. हार मध्येच तोडला तर वर्षभर मशीन बिघडत राहतं, असं तो म्हणत होता, आणि गेल्या वर्षीचं उदाहरणही देत होता. इन्स्पेक्टरची नजर त्या ओवाळलेल्या लाकडी नमुन्यावर गेली. त्यांनी टोपी डोक्यावरून काढली, मग काय पाहतोय ते लक्षात येऊन परत घातली.

मी डॉक्टरांना म्हटलं, "सार, आत्ता त्या आरोपीचं रक्त घेताना मला सुई टोचली, तर?"

"तुम्हांला लगेच गोळी. त्यात काय विचारायचं?"

"त्याचा रिपोर्ट न पाहता?"

"रिपोर्टचं नंतर बघू, आधी तुम्ही—" असं म्हणून ते थांबले. माझ्या मागे ती मुलगी उभी होती. आपलंच वाक्य आपल्याला ऐकू आलं की माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

डॉक्टरांनी चुरमुऱ्यांची ताटली बाजूला सारली. मग ते म्हणाले, संच कर्मचाऱ्यांसाठी आहेत, उद्या ऑडिटला मी काय सांगू. मी म्हटलं, खरं ते सांगा. ते म्हणाले, शिवाय किल्ली पूजेत आहे. या शेवटच्या कारणात त्यांना जरा हायसं वाटलं, कारण ते त्यांचं नव्हतं, देवीचं होतं.

मी देवीपुढे गेले. चपला काढल्या. चुरमुऱ्यांतून औषधाच्या कपाटाची किल्ली उचलून डोळ्यांना लावली आणि आमच्या मराठीत, सासूबाईंनी दुरुस्त न केलेल्या मराठीत, म्हटलं, "आई, घेऊन जातें, परत आणून ठेवतें."

अटेंडरनं गालांवर चापट्या मारून घेतल्या. किल्लीला चुरमुरे चिकटले होते. तशीच ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"लिहून द्या, सार. मी समुपदेशन केलं आहे. तिची स्वेच्छा आहे."

डॉक्टरांनी मुलीला बसायला खुर्ची दिली. त्या इस्पितळात पहाटेपासून तिला मिळालेली ती पहिली वस्तू. तिला तपासलं, दोन-चार गोष्टी नीट विचारल्या आणि लिहून दिलं. वर लिहिलं, 'रिपोर्ट येईपर्यंत'. भित्र्या माणसाला धाडस करायचं असलं की ते असं हप्त्याहप्त्यानं करावं लागतं. पहिली गोळी तिनं आईच्या बाटलीतल्या पाण्यानं घेतली. किल्ली मी परत चुरमुऱ्यांत ठेवली.

आरोपीची तपासणी सोमवारी झाली, अटेंडरनं स्वतः हार उतरवल्यावर. निगेटिव्ह. निकाल गोपनीय असतो, म्हणून तो संध्याकाळपर्यंत फक्त पोलीस ठाण्याला, वर्तमानपत्रांना आणि आरोपीच्या गल्लीला कळला. गल्लीत त्याच्या नातेवाइकांनी रस्त्यावर भोपळा फोडला. त्याची बहीण माझ्याकडे रिपोर्टची दुसरी प्रत मागायला आली. वकिलाला एक दिली होती, एक घरी लावायची होती. "आमच्या घराण्याचं रक्त शुद्ध आहे," ती म्हणाली. ज्या सक्तीच्या तपासणीनं मुलीला न्याय मिळेल म्हणून टाळ्या पडल्या होत्या, त्या तपासणीनं पहिलं प्रमाणपत्र दिलं ते त्याला.

इन्स्पेक्टरांनी मला फोन केला. "अम्मा, गुड न्यूज. मुलीला सांगा, आता काळजी नाही." ते खरोखर खूश होते. मुलीच्या घरी त्यांनी लाडू पाठवले होते, स्वतःच्या खिशातून.

आणि डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट आला, आता गोळ्या थांबवा. मी जिन्याखालून माझी वही घेऊन आले. त्यांच्याच व्याख्यानाच्या माझ्या टिपणांतलं पान उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी वाचलं. आपण एकेकाळी किती चांगलं बोललो होतो हे पाहून त्यांना बरं वाटलं असावं. कागदावरचं 'रिपोर्ट येईपर्यंत' त्यांनी खोडलं आणि 'क्रम पूर्ण होईपर्यंत' लिहिलं.

गोळ्यांनी तिचे हाल झाले. ओकाऱ्या, घेरी, जेवण नाही. मधेच ती येऊन म्हणाली, अक्का, आई म्हणते ह्यापेक्षा आजार बरा. कारखान्यातल्या बायका लाडवांची गोष्ट ऐकून होत्या. त्याला काहीच नाही म्हणतात, मग हिला कसलं औषध, म्हणजे हिलाच काहीतरी होतं, असं बोलत. रिपोर्ट त्याचा निर्दोष आणि संशय तिच्यावर. मी तिला थांबव म्हटलं नाही, घे असंही म्हटलं नाही. आलं-लिंबाचं पाणी दिलं आणि जेवणानंतर घेऊन बघ म्हटलं. तिनं ते पाणी संपवलं. उठताना म्हणाली, "बोट माझं आहे. मीच धरीन." आणि पुढची गोळी माझ्यासमोरच घेतली.

अप्पांना मी हे सगळं एका रविवारी सांगितलं, कुणाचं नाव न घेता. त्यांनी शेवटी एकच विचारलं. "किल्ली परत ठेवलीस ना?" मी ठेवली म्हटलं. मग ठीक, म्हणाले.

तिनं औषधाचा क्रम पूर्ण केला. पुढे तीन आणि सहा महिन्यांनी केलेल्या तिच्या दोन्ही तपासण्यांत काही निघालं नाही. तो कारखाना तिनं सोडला आणि दुसरीकडे शिवणकामालाच लागली. खटल्यात आरोपीच्या रक्ताचा कुठे उपयोग झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुढच्या आयुधपूजेला आमच्या अटेंडरनं सगळ्या किल्ल्या देवीपुढे मांडल्या, औषधाच्या कपाटाची सोडून. ती त्यानं टिळा लावून माझ्या हातात दिली. त्यानंतर डॉक्टरांनी इस्पितळात सूचना लावली: अशी बाई वा मुलगी आली की तिला आधी समुपदेशकाकडे आणायचं, आणि तिची इच्छा असेल तर पहिली गोळी लगेच द्यायची, कुणाच्याही रिपोर्टची वाट न पाहता. मी तिथे होते तोवर ती सूचना पाळली गेली.